आठ नंबरच्या पान्याची जागा

लिहायला बसलो खरा, पण आधी क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. शब्दचित्र कसं उभं करतात हे मला पुस्तकांपुरतं ठाऊक आहे, आणि ज्या माणसाचं ते करायचं त्यानं स्वतःविषयी चार वाक्यंही कधी सलग सांगितली नाहीत. लढाऊ विमान तर मी आकाशातली एक पांढरी रेघ म्हणूनच पाहिलं आहे. तरीही प्रल्हादकाकांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

ते दिसण्याआधी त्यांचा खिसा ऐकू येतो. देऊळघाटच्या रस्त्यावर कोवळं ऊन उतरत असतं, भाजीच्या जुड्या भरलेले ऑटो बुलढाण्याकडे निघालेले असतात, आणि त्या गलबल्यातूनही ती बारीक किणकिण वेगळी कळते. नट, वायसर, तारेचा तुकडा, कुणाच्या सायकलचा गळालेला छर्रा. काका मान खाली घालून सावकाश चालतात, पेरलेल्या वावरात उगवण पाहत फिरावं तसे. मध्येच वाकतात, काहीतरी उचलतात आणि खिशात टाकतात. टपरीवरचे शेखचाचा रोज विचारतात, "काऊन फौजी, विमान पुरं होत आलं का नाही?" काका हसतात. त्यांच्या हसण्याला आवाज नसतो, फक्त डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांचं जाळं पसरतं.

हवाई दलात त्यांनी वीस-बावीस वर्षं विमानांच्या इंजिनांची देखभाल केली. आता गावाच्या कडेला पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. आमच्या मळ्यातली मोटार जळली तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो आणि मोटार विसरून भिंतच पाहत राहिलो. पिवळ्या चुन्यावर प्रत्येक अवजाराची आकृती लाल रंगानं रेखलेली, आणि प्रत्येक अवजार आपापल्या आकृतीत, आपल्याच सावलीत परतल्यासारखं टांगलेलं. एकच आकृती रिकामी होती: बोटभर लांबीची, आठ नंबरच्या पान्याची. गंमत म्हणजे आठचा पाना त्यांच्याजवळ होता. काम झालं की ते तो एका डब्यात टाकत. भिंतीवर कधीच लावत नसत.

मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. विमानं काऊन पडतात, हे मी त्यांना कितीदा विचारलं असेल. उत्तर तुकड्यातुकड्यांनी, तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता मिळे. इंजिन वाऱ्याबरोबर वाटेतलं सारं गिळतं. हरभऱ्याएवढा खडाही आतल्या पात्याला पुरतो. म्हणून रोज सकाळी साहेबापासून नव्या पोरापर्यंत सारे जण खांद्याला खांदा लावून धावपट्टी पायी चालत आणि खडे वेचत. धुक्यात वैमानिकाला आभाळ कुठलं आणि जमीन कुठली ते कळेनासं होतं, त्याचं शरीरच त्याला खोटं सांगू लागतं. जोरात वळताना रक्त पायांकडे उतरतं, आणि डोळ्यांपुढचे आधी रंग जातात, मग उजेड. हे ऐकताना मला वाटे, मी पुस्तकात शिकतो ते सारे नियम या माणसाच्या बोटांना माहीत आहेत. एकदा ते म्हणाले, "विमान कधी एका कारनानं पडत नाही. लय कारनं एका जागी जमा होतात. त्यातलं एक आपून तर नाही ना, एवढंच पाहायचं."

रिकाम्या आकृतीविषयी विचारायला मला एक वर्ष लागलं. त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. काम संपलं की पेटीतलं प्रत्येक अवजार बोट लावून मोजायचं आणि मगच सही करायची, असा नियम होता. त्या सकाळी दोन विमानं घाईनं सोडायची होती. काकांनी पेटीवरून नुसती नजर फिरवली, झाकण लावलं आणि सही केली. वैमानिक तरुण होता. काचेआडून त्यानं अंगठा वर केला, काकांनीही केला. तो परतला नाही. दुपारी पेटी उघडली तर आठच्या पान्याची जागा मोकळी. परतलेलं दुसरं विमान पुरतं उघडून पाहिलं, पाना मिळाला नाही. काका आपणहून चौकशीला गेले आणि सारं सांगितलं. लिहून घेतलं गेलं, पुढे त्यांची बदली झाली. तो पाना त्या विमानात होता का, विमान त्यानंच पडलं का, हे त्यांना कुणी कळवलं नाही. त्यानंतरची सगळी वर्षं ते त्या एका उत्तराची वाट पाहत होते.

ते उत्तर यंदा पाडव्याच्या आधी आलं. दरवर्षी या सुमारास काका भिंतीवरच्या आकृत्या नव्यानं रंगवतात. फाल्गुनाचं ऊन दारात पिवळं साचलं होतं, वर एक घार गोल फिरत होती. ते शेवटच्या, रिकाम्या आकृतीशी आले होते. तिची एक बाजू ओली, लाल आणि दुसरी फिकी होती. फोन वाजला. त्यांचे हात रंगानं भरलेले, म्हणून मी त्यांच्या कानाशी धरला.

त्यांचा जुना सोबती बोलत होता, नागपूरहून. एका लग्नात त्याला त्या चौकशीवरचे साहेब भेटले होते, आता अगदी म्हातारे. इंजिनात पाखराचे अवशेष सापडले होते, पाती त्यानंच तुटली. लोखंडाच्या घावाची खूण कुठेच नव्हती. "घार होती म्हणे," सोबती म्हणाला. "आता तरी झोप रे बाबा."

काकांनी कुंचला डब्यावर आडवा ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आन पाना?"

तिकडून हसू आलं. पाना कुठं गेला ते कुणालाच कळलं नव्हतं.

फोन बंद झाल्यावर ते दारात जाऊन घारीकडे पाहत राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू आला, खूप खोल, ओझं उतरवलेल्या माणसाचा. मला वाटलं, आता ती आकृती चुन्यानं झाकतील. मी चुन्याचा डबाही पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला आणि कुंचला पुन्हा लाल रंगात बुडवला.

"काका, आता काऊन?"

"पाखरानं पाडलं, खरं हाये," राहिलेली बाजू ओढत ते म्हणाले. "पन त्या दिवशी म्या मोजलं नव्हतं."

काळ सारं पुसत नेतो, असं मी वाचलं होतं. त्या भिंतीवर मात्र एक नसणं दरवर्षी नव्यानं रंगवलं जातं, आणि रंग वाळेपर्यंत कुणीतरी त्याच्यापाशी बसून असतं.