पिसवा मात्र राहिल्या

मांजर गेलं की पिसवाही जातील, अशी सुनेची खात्री होती. ती घरीच कपडे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन आणि कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा. त्या पडद्याआडून एक शिक्षिका पोटऱ्या खाजवत बाहेर आली आणि अर्धा शिवलेला कोट उचलून चालती झाली.

"कापड माझं आहे," ती दारातून म्हणाली, "पिसवा तुमच्या तुम्हाला ठेवा."

असल्या बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या बायकाही फिरकेनाशा झाल्या.

"एक तर मांजर राहील, नाही तर मशीन," सुनेने नवऱ्याला सांगितलं. तो टेम्पो चालवायचा. त्याने मांजर पोत्यात घातलं आणि गावाबाहेरच्या धान्याच्या गोदामावर सोडून आला.

मांजर सासऱ्यांचं. त्याला सगळे साहेब म्हणत. सासूबाई गेल्यापासून म्हातारा जे काही दोन शब्द बोलायचा ते साहेबाशी. पण त्याने वाद घातला नाही. साहेबाची वाटी घासली, फळीवर पालथी घातली आणि जेवताना मान खाली घालून बसू लागला.

पिसवा उलट वाढल्या. सुनेने गाद्या उन्हात टाकल्या, चादरी उकळल्या, फरशी फिनेलने पुसली. तरी तिच्या लहान मुलीच्या घोट्यांवर लाल गांधी उठतच होत्या.

"माझे पांढरे मोजे घाल आणि घरभर फीर," नवरा म्हणाला. "काळे ठिपके कुठे चढतात ते कळेल."

स्वयंपाकघरात मोजे पांढरेच राहिले. सासऱ्यांच्या खाटेखाली वाकून बघितलं, तिथेही काही नाही. मशीनपाशी मात्र पाय ठेवताच मोज्यांवर मोहरी उडवल्यासारखं झालं.

मशीनखाली चिंध्यांचं गाठोडं होतं. कातरणं फेकायची नाहीत, उशांत भरायला होतात, ही तिची जुनी सवय. साहेब गिऱ्हाइकांच्या कापडावर बसतो म्हणून त्याला त्या गाठोड्यावर झोपायची सवयही तिनेच लावली होती. पिसवांची पैदास तिथेच झाली होती. मांजर होतं तोवर त्यांचं त्याच्यावर भागत होतं. ते गेलं आणि माणसांची पाळी आली.

गाठोडं तिने अंगणात नेऊन जाळलं आणि तशीच नवऱ्यापाशी आली.

"अहो, साहेबाला परत आणा. औषध लावून ठेवू."

नवरा चपलेचा पट्टा बघत राहिला. "तो तिथे नाही. पोत्यातून सुटला तो पळालाच. तुला काय सांगायचं म्हणून बोललो नाही."

आता हे म्हाताऱ्याला सांगणं आलं. तो संध्याकाळच्या फेरीला निघाला होता. सुनेने त्याला ओट्यावर गाठलं. गाठोड्याचंही सांगितलं, पळाल्याचंही.

"चूक माझी होती, बाबा. उगाच त्याच्यावर ढकलली."

"पळाला ते ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "फिरायला मी तिकडेच जातो. भिंतीकडेने हाका मारतो. गोदामवाला हसतो, म्हणतो, आजोबा, इथे मांजरं पुष्कळ, कुठलंही घेऊन जा."

सुनेने पदराने हात पुसले. "थांबा, मी येते बरोबर."

म्हातारा दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

"ये," तो म्हणाला. "पण तू हाक मारू नकोस. तुझा आवाज ऐकला तर असेल तिथूनही निघून जाईल."