कबुतरबाजाची कबुली

बसऱ्याच्या कापडबाजारात मुसअबला कुणी नावं ठेवत नसे. म्हणूनच काझींनी त्याला आपल्या मान्य साक्षीदारांच्या यादीत घेतलं होतं. येत्या शुक्रवारी मोठ्या मशिदीत ती यादी वाचून दाखवली की झालं. मग लग्न असो, वाटणी असो, मुसअबचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! या मानासाठी त्याने अर्धं आयुष्य जपून पाऊल टाकलं होतं.

आणि बुधवारी नुफैल हमाल पकडला गेला.

मुसअबच्याच दुकानातला रेशमाचा ताका खांद्यावर टाकून तो चालला होता. कोतवालाच्या शिपायाने मुसअबला विचारलं, "दुकान बंद होतं ना?"

"कुलूप घातल्याशिवाय मी पाणी प्यायलाही उठत नाही," मुसअबने ठोकून दिलं. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, त्यातली गत.

गुरुवारी सकाळी मशिदीत, नेहमीच्या खांबाला टेकून, काझींनी खटला ऐकायला घेतला. आरोपीला आधी सुटकेची वाट दाखवायची, ही तिथली जुनी रीत.

"नुफैल, तू चोरी केली नसशील असं मला वाटतं. 'नाही' म्हण."

"केली, काझीसाहेब."

"नीट आठव, बाबा. दुसऱ्याचं ओझं समजून उचलला असशील."

"ओझी उचलण्यात जन्म गेला माझा, मला कळत नाही होय? पोरीच्या लग्नासाठी उचलला. आता मशिदीत बसून खोटं बोलू?"

लोक खो खो हसले. काझी हसले नाहीत. या हट्टी माणसाचा उजवा हात मनगटापासून जाणार होता, आणि हात गेलेल्या हमालाला कोण विचारतो?

काझी मुसअबकडे वळले. "आता तू सांग. बंद दुकानातून नेलं तर हात जातो. राखण नसलेलं, उघड्यावरचं उचललं तर नुसते फटके. कुलूप होतं?"

मुसअबला बुधवारचं खरं ठाऊक होतं. दुकान सताड उघडं होतं आणि तो गच्चीवर कबुतरं उडवत होता. अंड्यांसाठी चार कबुतरं पाळली तर बसऱ्यात कुणी हूं की चूं करत नाही. पण गच्चीवर चढून ती उडवणारा शेजाऱ्यांच्या अंगणात डोकावतो, असा तिथला सर्रास समज. म्हणून कबुतरबाजाची साक्ष चालत नाही. हे तिथलं शेंबडं पोरही जाणे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मुसअब आजवर गप्प होता. पण नुफैलचा घट्टे पडलेला पंजा समोर दिसत होता. त्याला स्वतःची किळस आली.

"उघडं होतं, काझीसाहेब. काल मी खोटं बोललो."

"मग तू तिथंच बसला असशील. मालकाची नजर हीही राखणच."

"नव्हतो. गच्चीवर होतो."

"एवढ्या उन्हात? काय करत होतास?"

"कबुतरं उडवत होतो."

"आणि आम्हाला म्हणायचा, अंडी खातो!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा उसळला.

कोतवालाचा शिपाई पुढे सरसावला. "काझीसाहेब, कबुतरबाजाची साक्ष चालत नाही. तेव्हा दुकान उघडं होतं, हेही बाद!"

मुसअबच्या मनात आलं, तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं! आपलं नाव गेलं आणि या गरिबाचा हातही वाचणार नाही.

काझी शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे, साक्ष चालत नाही. पण ही साक्ष आहे कुठं? हा स्वतःचंच नाक कापून घेतोय. याला कबुली म्हणतात, आणि स्वतःविरुद्धची कबुली चोराची चालते तशी कबुतरबाजाचीही चालते. हमालाला वीस फटके. हात राहील."

नुफैल ढसाढसा रडू लागला. "मालक, माझ्यापायी कशाला हो..."

"गप बैस," मुसअब म्हणाला.

कारकुनाने यादी पुढे केली. काझींनी बोरू घेतला, मुसअबचं नाव शोधलं आणि त्यावर सावकाश रेघ ओढली.

"असाच साक्षीदार मला हवा होता," ते हळूच म्हणाले, "आणि आता तुझी साक्ष मला कधीच घेता यायची नाही."