लागोसला गेलेली केहिंदे

मित्रांनो, मी सागवानी अंगाचा, पितळी भिंगाचा म्हातारा कॅमेरा. इकिरुन गावात अकांजी फोटोवाल्याकडे मी उभा राहिलो तेव्हा माझ्याशिवाय लग्न-बारशाचं पान हलत नसे! आज अंगावर धूळ आहे, पण ताठा तोच आहे.

नायजेरिया स्वतंत्र व्हायच्या दिवसांतली गोष्ट. शाळेचे मास्तर आले नि म्हणाले, "अकांजी, घरटी एक मूल बसव. सभागृहात नव्या देशाचा फोटो लावायचाय. चेहरे हसरे हवेत हं!"

मुलं बसली. तेवढ्यात जुळ्यांची आई आली. सारं गाव तिला 'इया इबेजी' म्हणे. जुळ्यांतलं आधी जन्मलेलं तायवो, मागून आलेलं केहिंदे, ही आमच्याकडची नावं, मुलगा असो की मुलगी, ठरलेलीच. तिनं तायवोला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि शेजारी दुसरी, रिकामी खुर्ची ओढली.

"ही केहिंदेची."

केहिंदे गोवरानं गेली होती. पण जुळं मूल मेलं असं आमच्यात कुणी म्हणत नाही. लागोसला गेलं, म्हणतात.

"बाई, देशाच्या फोटोत जिवंत माणसं हवीत," मास्तर हळूच म्हणाले.

"का? लागोस काय देशाबाहेर आहे होय?"

अकांजीला हसू आवरेना. मास्तर संतापले. बाई मात्र जागची हलेना. मला तेव्हाच ती फार आवडली.

अशा कामाची, एकाच मुलीची दोन करायची, रीत अकांजीला ठाऊक होती. माझ्या पोटातली फोटोची काच अर्धी झाकून त्यानं तिला एकदा टिपलं. मग तायवोला दुसऱ्या खुर्चीवर बसवून काचेच्या उरलेल्या अर्ध्या भागावर टिपलं. समोर बघ म्हणून दटावलं होतं, तरी पोरगी आपल्या सोडलेल्या खुर्चीकडेच बघत राहिली.

फोटो धुऊन आला. एक बहीण समोर बघत होती आणि दुसरी त्या पहिलीकडे, डोळे भरून.

"बिघडला! पुन्हा काढ," मास्तर म्हणाले.

"हात लावाल तर खबरदार!" बाई कडाडली. "इतके दिवस आम्ही कुणी तायवोकडे बघितलं नाही. केहिंदेला तरी बघू द्या. आणि मास्तर, तुमचंही नाव केहिंदेच ना? तुमचा तायवो कुठाय?"

मास्तर लहान पोराच्या आवाजात म्हणाले, "लागोसला."

त्यांनी तो फोटो स्वतःच्या हातानं सभागृहात लावला. खाली उभे राहून रडले, आणि ते रडू त्यांनी लपवलंही नाही.

मित्रांनो, जन्मभर पोटात अंधार घेऊन मी एवढंच शिकलो. अंधारात ठेवलेलं नाहीसं होत नाही. ते वाट बघतं. माणसाच्या मनाचं तसंच, देशाचंही तसंच. तुमच्या घरी जुन्या फोटोंच्या काळ्या काचा कुठे पडल्या असतील, तर भंगारात देऊ नका. उजेडाला धरा. त्यांत तुमचीच माणसं आहेत, आणि देशाला ती अजून भेटायची आहेत.