सुई माझ्या पोटात होती

मी एक स्क्रंची. केसांच्या रबरावर लोकरीची झालर विणली की जी होते, ती. माझ्या बहिणी बाजारात टांगलेल्या असतात, मुली त्यांना हात लावून बघतात, म्हणे. मी बाजार पाहिलेला नाही. माझा जन्म फिलिपाइन्समधल्या एका बेटावर, बायकांच्या तुरुंगात, चटईवर झाला.

मला घडवलं रोवेनानं. तिचा खटला अजून सुरूच झालेला नाही. तारीख येते, त्या दिवशी ती केस विंचरून तयार बसते, आणि तारीख पुढे जाते. अशा बसून राहण्याला कंटाळून ती क्रोशा शिकायला लागली. शिकवत होत्या लूर्देसबाई. कोठडीत सगळ्या त्यांना नानाय म्हणतात, म्हणजे आई.

"रबर पोटात घेऊन त्याच्यावर मुके खांब, ते आखूड टाके, घालत जा. रबर कुठंही दिसता कामा नये," नानाय म्हणाल्या. "आणि धागा इतका आवळू नकोस गं. टाका घालतेयस की कुणाचा गळा धरतेयस?"

"मुद्दाम नाही आवळत, नानाय. हातच तसा चालतो."

"पहिल्या दिवशी सगळ्यांचा तसाच चालतो. चल, वीण."

तर असे माझे टाके घट्ट. श्वास घ्यायला जागा नाही, पण मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, कारण मी कुणासाठी होते ते मला ठाऊक होतं. रोवेनाची मुलगी जोवेलिन, लाडानं जोवी, दुसऱ्या बेटावर मावशीकडे राहते. बोटीचा प्रवास लांबचा, त्यामुळे वर्षभरात एकदाही येणं झालं नव्हतं. येत्या रविवारी ती येणार होती. रोवेना मला तिच्या केसांत बांधणार होती, आणि मी त्या केसांबरोबर दारातून बाहेर पडणार होते.

शनिवारी दुपारी नारिंगी लोकर संपली. नानायनी हिरवी दिली. दोन्ही टोकं जोडायला सुई लागली. साऱ्या कोठडीत सुई एकच, तीही पहारेकरीण मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची. रोवेनानं गाठ मारली, टोक सुईनं ओवून घेतलं, आणि तेवढ्यात हजेरीची शिट्टी वाजली.

शिट्टी वाजली की इथं हातात काही ठेवायचं नसतं. पिवळे टीशर्ट सारखे करून, हात मोकळे दाखवत रांगेत उभं राहायचं. म्हणून शिट्टी ऐकताच जे हातात असेल ते जवळच्या कशात तरी खुपसायची सगळ्यांना सवय लागलेली आहे. रोवेनानं सुई माझ्या रबराला लागून आडवी सरकवली आणि धावली. परत आली ती घाईतच. रबर पोटात घ्यायचं, एवढं तिला शिकवलेलं होतं. तिनं रबर घेतलं, त्याच्या जोडीला नकळत सुईही घेतली, आणि वरून मुके खांब घालून झालर पुरी केली. मला कळत होतं. पण सांगणार कशी?

संध्याकाळी पहारेकरणीनं क्रोशाचे हुक मोजले. भरले. सुई भरली नाही.

"सुई मिळेपर्यंत उद्याच्या भेटी बंद," ती म्हणाली. "एकीच्या नाही, सगळ्यांच्या." हुकांची पेटी तिनं कुलूप लावून नेली.

कोठडीत नुसता गोंधळ उडाला. चटया झटकल्या, उशा उसवल्या, बादल्या पालथ्या घातल्या. कोठडीची म्होरकी पुरिंग, तिला सगळ्या मायोरा म्हणतात, कमरेवर हात ठेवून मधोमध उभी राहिली. "कुणी गिळली असेल तर आत्ताच सांगा बायांनो. सकाळपर्यंत वाट बघायला माझ्याकडे वेळ नाही. माझा म्हातारा उद्या येतोय."

रोवेना सगळ्यांत जास्त शोधत होती. फरशीच्या भेगांतून नखं फिरवत होती. आणि मी तिच्याच मनगटावर होते. मला इतकी लाज वाटली की उसवून जावंसं वाटलं.

शोधून थकल्यावर तिनं मला मनगटावरून काढलं आणि आपल्या केसांना लावून बघितलं. एका बाजूनं मी ताणलेच नाही. तिनं बोटांनी चाचपलं. आत सुई लागली. ती हळूच नानायपाशी जाऊन बसली, आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

नानायनी दाबून पाहिलं, नखानं सुई सरकवून पाहिली. "तुझे टाके गं बाई. मुंगी बाहेर यायची नाही यातून."

मायोरा मागे येऊन उभी होती. "उसव."

"हुक पेटीत गेलेत, मायोरा," रोवेना म्हणाली. "उसवली तर पुन्हा विणू कशानं? जोवी उद्याच येतेय."

"नाही उसवलीस तर जोवी दारातूनच परत जाईल. माझा म्हाताराही."

"अशीच नेऊन दाखवते मॅडमना. चूक झाली म्हणून सांगते."

"तुझ्या वस्तूत सुई निघाली की चूक म्हणतात का लपवली म्हणतात, ते तू मला शिकवू नकोस. सुई मोकळी करून माझ्या हातात दे. चटईच्या कडेत सापडली म्हणून सांगेन. पुढचं माझ्यावर सोड."

रोवेना बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिली. मग तिनं शेवटची गाठ सोडली आणि धागा ओढला. झालर गेली, हिरवं गेलं. प्रत्येक टाका सुटताना मला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी रडले असते, डोळे असते तर. सुई फरशीवर पडली, मायोरानं ती उचलली आणि दाराकडे गेली. खोटं बोलताना तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

रविवारी भेटी सुरू झाल्या. रोवेनाच्या मुठीत मी होते, म्हणजे एक उघडं काळं रबर आणि वळ्या पडलेली लोकर.

जोवी उंच झाली होती. आईच्या जवळ बसली, पण थोडं अंतर ठेवून. रोवेनानं मूठ उघडली. "तुझ्यासाठी विणली होती. काल उसवावी लागली."

जोवीनं लोकर बोटावर घेतली. "पान्सित शिजवून ठेवल्यासारखी दिसतेय," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. पान्सित म्हणजे इथल्या शेवया, वाढदिवसाला करतात त्या. मग जोवीनं आपल्या वेणीचं रबर काढून आईच्या हातात दिलं. "यावर वीण. आणि ते तुझं मला दे."

"ते नुसतं रबर आहे गं."

"असू दे की. केस तर विंचरशील ना?"

रोवेनानं बोटांनीच केस विंचरले, घाई न करता, शिट्टी होईपर्यंत. माझं रबर जोवीच्या वेणीत बसलं. दारावर झडती झाली. साधं काळं रबर, आत येतानाही तसंच होतं, कुणी विचारलंसुद्धा नाही. ते गेलं. लोकर मागे राहिली, आणि लोकरीबरोबर मी.

पुढच्या आठवड्यात हुक मिळाले आणि रोवेनानं मला पुन्हा विणलं, जोवीच्या रबरावर. त्या रबराला अडकलेला एक लांब केस तिनं काढला नाही. तो तिनं टाक्यांच्या आतच घेतला. या वेळी टाके सैल आहेत. बाजारात पाठवायच्या वस्तूंच्या टोपलीत तिनं मला जाऊ दिलं नाही, मी तिच्या केसांतच असते.

तिची पुन्हा तारीख आली आहे. सकाळी ती केस विंचरेल, मला बांधेल आणि तयार बसेल. कोर्टात तिचं नाव पुकारायचं ज्यांच्या हाती आहे, त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. या वेळी पुकारा. मी केस धरून ठेवायलाच जन्मले, अडकून राहणं मला जमतं. पण माझ्या टाक्यांतला हा केस जिचा, ती मुलगी समुद्रापलीकडे राहते, आणि तिची वेणी घालणारे हात इथं आहेत.