फुईच्या गोठ्यातले राजवंश

रिकाम्या चरवीत दुधाची पहिली धार पडते तेव्हा ती झांजेसारखी वाजते. मग फेस चढतो आणि तोच नाद साय धरल्यासारखा जड, मऊ होत जातो. फुई, म्हणजे माझ्या वडिलांची बालविधवा बहीण, मला आठवते ती या दोन नादांच्या मधोमध: उकिडवी बसलेली, पदर कानामागे खोचलेला आणि ओठांवर पाच राजवंश.

राजवंश खरे माझे. बडोद्याला मी प्राचीन वाङ्मय आणि इतिहास शिकत होतो. सुटीत कोरीटला आलो की पहाटे गोठ्यात येरझारा घालत मोठ्याने घोकायचो, कारण घरात घोकलं की वडील, आमचे नाना, खेकसत. त्या हिवाळ्यात म्हशीचं रेडकू मेलं. पान्हा चोरणारी ती मानिनी पेंडीला बधेना, थोपटण्याला बधेना. पण मी सातवाहनांपासून यादवांपर्यंत उतरू लागलो की तिचे कान सैल पडत, डोळे मिटत आणि धार सुटे. इतका रसिक श्रोता मला पुढे कुठल्याही सभागृहात लाभला नाही.

पंचाईत झाली परीक्षेच्या वेळी. माझं कॉलेज तिच्याच दुधातुपावर चाललेलं. "तू गया आनि म्हैस आटनी, ते बडोदं बंद!" नानांनी निकाल दिला.

फुई शेणाचे हात धूत म्हणाली, "तुन्हा राजा माले शिकाड. मी सांभायसू त्यासले."

तिने ते हातांच्या लयीत पाठ केले: डाव्या मुठीला सातवाहन, उजव्या मुठीला वाकाटक. पण राष्ट्रकूट म्हटलं की म्हैस लाथ झाडे. "याना पायगुन चांगला नही," असं म्हणून फुईने त्यांना ओळीतून उठवलं आणि थेट शेवटी, चरवी उचलल्यानंतरच गादीवर बसवलं.

"फुई, ते यादवांच्या आधीचे!"

"ऱ्हाऊ दे. माले दूध जोयजे."

निघायच्या सकाळी गाडी जुंपलेली होती. नाना कमरेवर हात ठेवून गोठ्यात, मी म्हशीला दिसू नये म्हणून भिंतीआड. सातवाहन गेले, कोरडे. वाकाटक गेले, कोरडे. चालुक्यांवर झांज वाजली. नानांनी चरवीत वाकून पाहिलं आणि मी ज्या भिंतीआड होतो तिलाच सांगितलं, "जाय."

गाडी वेशीकडे वळली तेव्हा मागून राष्ट्रकूट ऐकू आले. म्हणजे चरवी सुखरूप उचलली गेली होती.

मी पास झालो, शिकवू लागलो, सुट्या आखडत गेल्या. ती म्हैस गेली, दुसऱ्या आल्या; त्यांना गरज असो वा नसो, फुईने क्रम मोडला नाही. एका चैत्रात तीही गेली. मी तेव्हा वर्गात होतो.

यादवांच्या आधी राष्ट्रकूट शिकवताना मी अजून क्षणभर अडखळतो. मुलांना वाटतं, सर विसरले. पुस्तकातला काळ आपल्या क्रमाने निमूट चालतो. आमच्या गोठ्यातले राष्ट्रकूट मात्र चरवी उचलली जाण्याची वाट पाहत दाराशी उभे आहेत, आणि ती उचलणारा हात आता नाही.