साठ युनिटांतलं घर

दूध नासलं तेव्हा बाबा खूश झाले.

"म्हणजे फ्रिजशिवाय चालत नाही. सिद्ध झालं," पातेल्यात डोकावत ते म्हणाले.

"सिद्ध करायला माझंच दूध सापडलं?" आत्या कडाडली. "घरात वीज कंपनीचा साहेब आणि फ्रिज बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

बाबांचा शिरस्ताच होता तो. जो नियम लोकांना लावायचा, तो आधी आपल्या घराला लावून बघायचा. या वेळचं प्रकरण मोठं होतं. डोंगर पोखरून बांधलेला वीजप्रकल्प रखडला, खर्च दुपटीवर गेला आणि तो आता ग्राहकांच्या बिलांतून निघणार होता. वाढ एकदम नको, काही वर्षांत थोडी थोडी करा, हे बाबांचं म्हणणं मान्य झालं होतं. कमी वीज वापरणाऱ्यांना ती लागूच होणार नव्हती. पण कमी म्हणजे किती? वरिष्ठ म्हणत, महिन्याला साठ युनिट पुष्कळ झाले. बाबा नव्वदवर अडून बसले होते. म्हणून हे घर साठांत चाललं होतं.

लेक कॉलेजात इतिहास शिकवायची. "दर वाढूच नयेत म्हणून भांडा ना, बाबा. ही नुसती मलमपट्टी आहे."

"मलमपट्टीच गं," बाबा चपला शोधत म्हणाले. "पण जखम झालीय ना?"

तिने पर्स उचलली आणि ती कॉलेजला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसच्या जिन्यात कोसळले. उठलेच नाहीत.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली, तेव्हा लेकीच्या लक्षात आलं की फ्रिज अजून बंदच आहे. तिने तो सुरू केला आणि मनात किडा वळवळला. फ्रिज ठेवून साठांत राहायचं, तर काय काय सोडावं लागेल?

ती रोज दाराबाहेरच्या मीटरपाशी उभी राहू लागली. आधी इस्त्री गेली. ती चुरगळलेल्या कुडत्यात शिकवायला जाऊ लागली. मग मिक्सर गेला, मग दुपारचा पंखा. उकाडा वाढला तसा फ्रिज जास्तच घुरघुरू लागला. हे तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"बापावर गेलीस," आत्या वहीने वारा घेत म्हणाली. "आता फ्रिजचं दार उघडायलाही अर्ज करू का?"

इतकं करूनही महिन्याचा आकडा साठच्या पुढे गेलाच.

दरवाढीच्या जनसुनावणीत कुणालाही बोलता येत असे. विजेचे दर ठरवणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "साधं कुटुंब साठ युनिटांत नीट राहतं, असं दिसतं. हरकत आहे कुणाची?"

बाबांच्या खुर्चीवर आलेला अधिकारी कागद चाळत राहिला. ती उठली.

"नाही राहत. आम्ही राहून पाहिलं." तिने इस्त्रीपासून पंख्यापर्यंत सगळं सांगितलं. "फ्रिज ठेवला तर माणसं उकडतात. बंद केला तर दूध नासतं."

मागे कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "हा उद्योग सांगितला कुणी तुम्हाला?"

"वडिलांनी सुरू केला होता. नव्वदचा आग्रह त्यांचाच." तिने चुरगळलेला कुडता सारखा केला. "प्रकल्पाचा खर्च लोकांनी का भरावा, ते मला अजून पटलेलं नाही. पण नव्वद करा." मग स्वतःशीच म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर होतं."