पहिल्या खुंटीवरचा कोट

पस्तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला घाम फोडणं सोपं नव्हे. तपासनीस आले, मंत्री आले, एकदा तर प्रयोगशाळेला आग लागली, पण मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज म्हणून चढला नाही. आणि परवा भर दुपारी, ड्रमवाल्याच्या नातवानं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक फोटो काय ठेवला, बाईंची पाचावर धारण बसली.

हा नातू भला माणूस हो. जुन्या नाइटक्लबवर वाचनालयात प्रदर्शन भरवत होता. क्लब जमिनीखाली होता म्हणून सगळे त्याला तळघरच म्हणायचे. सत्तर वर्षांपूर्वी तिथं बँड वाजे, लोक घामाघूम होईतो नाचत, आणि याचे आजोबा ड्रम बडवत. त्या काळच्या वस्तू मिळतील तिथून गोळा करत तो दारोदार हिंडत होता. त्याला या घरी बोलावलं होतं बाईंच्या नातीनं. माळा आवरताना तिला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला होता, आणि त्यात क्लबच्या काड्यापेट्या होत्या, नंबर कोरलेले पितळी बिल्ले होते, कसलेसे कागद होते.

"आजी, हे आपल्याकडे कसं गं आलं?" तिनं तेव्हाच विचारलं होतं.

"तुझ्या पणजीला कुणा पेशंटनं दिलं असेल," बाई म्हणाल्या होत्या.

कारण पणजी नर्स होती. रात्रपाळीची नर्स. हे नवऱ्याला सांगितलं होतं, मुलाला सांगितलं होतं, आणि नातीला तर इतकं रंगवून सांगितलं होतं की पोरगी मोठी होऊन स्वतःच नर्स झाली. मुलाखतीत म्हणाली, आमच्या घरात हे पणजीपासून चालत आलंय. बाईंनी ते ऐकलं आणि गप्प बसल्या. खोटं बोलायला एक घटका पुरते, निभवायला मात्र अख्खा जन्म लागतो.

खरं काय, तर आई तळघरात कोट सांभाळायची. दारातून आत येणाऱ्याचा कोट घ्यायचा, एका नंबरचे दोन बिल्ले असत त्यातला एक कॉलरला अडकवायचा, दुसरा पाहुण्याच्या हातावर ठेवायचा, आणि कोट त्या नंबरच्या खुंटीला. जाताना बिल्ला दिला की कोट परत. आईला बिल्ल्याची गरज पडत नसे ती गोष्ट वेगळी. कोटाचं वजन, अस्तर, तंबाखूचा वास, सगळं तिच्या हातात बसलेलं. आता यात लाज वाटण्यासारखं काय आहे? काही नाही. पण 'क्लबातली बाई' म्हणताना तेव्हा लोकांच्या भुवया वर जायच्या, आणि मुलगी शिकत होती बड्या घरच्या मुलींच्या शाळेत, शिष्यवृत्तीवर.

"हे बघा बाई, सगळा नोकरवर्ग," नातवानं फोटोवर बोट ठेवलं. "सोळा जण आहेत. पंधरांची नावं मिळाली. ही एक कडेची तेवढी राहिलीय."

कडेला एक किडकिडीत बाई उभी होती. फोटो काढतानासुद्धा तिच्या हातावर कुणाचातरी कोट होता.

"तुम्ही त्याच भागात वाढलात ना? ओळखता का..."

"नाही," बाई म्हणाल्या. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"असू दे." त्यानं फोटोखाली लावायची नावांची पट्टी पुढे ओढली आणि पेन्सिलीनं लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "क्लबातली कुणी कामवाली. नाव माहीत नाही."

बाईंच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. हे शब्द त्यांचेच होते.

तेराव्या वर्षी त्यांचा वर्गात पहिला नंबर आला होता. शाळेत बक्षीस समारंभ होता, आई तळघरातून दोन तासांची सुट्टी मागून आली. हॉलच्या दारात पाहुण्यांची ही गर्दी, कोट काढून उभे, घ्यायला कुणी नाही. आईचे हात आपोआप पुढे झाले. सवय ती सवय! एकाचा घेतला, मग दुसऱ्याचा, आणि मग सगळेच तिच्याकडे द्यायला लागले, जणू शाळेनं तिला त्यासाठीच उभी केली होती.

"ती कोण गं?" डॉक्टरांच्या मुलीनं विचारलं. "तुझ्याकडे बघून हसली."

"कुणी कामवाली असेल. मला नाही माहीत."

आई दोन हातांवर होती. ऐकू न येण्यासारखं अंतर नव्हतंच ते. पण तिनं मान वर केली नाही. सबंध समारंभ ती दाराशी उभी राहिली, छातीपर्यंत कोट घेऊन. मुलीचं नाव पुकारलं तेव्हा सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, आणि तिला वाजवता येईनात, हात भरलेले. समारंभ संपल्यावर बिल्ल्याबिगर तिनं ऐंशी कोट ज्याचे त्याला दिले. एक चुकला नाही. सगळ्यात शेवटी डॉक्टरांच्या मुलीदेखत तिनं एक छोटा निळा कोट उघडून धरला.

"ताई, तुमचा कोट," आई आपल्या पोटच्या पोरीला म्हणाली.

मुलीनं बाह्यांत हात घातले आणि मैत्रिणीबरोबर चालू पडली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"अरे, ही तर शाळेच्या बक्षीस समारंभाची पत्रिका दिसतेय," ड्रमवाल्याचा नातू डब्यातले कागद चाळत होता. "ही आपल्या कामाची नाही. पण हे काय? हिला दोन बिल्ले दोऱ्यानं बांधलेत. दोन्ही पहिल्या नंबरचे. नवेकोरे. म्हणजे हा नंबर कधी कुणा गिऱ्हाइकाला दिलाच नाही की काय?"

बाईंनी आजवर तो डबा उघडला नव्हता. आई गेल्यावर तसाच माळ्यावर टाकला होता. पत्रिकेत त्यांच्या नावाखाली पेन्सिलीची जाड रेघ होती. आणि पहिल्या नंबरची खुंटी कुणाची, हे जगात आता त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं. शाळा सुटली की त्या कोटांच्या खोलीत स्टुलावर बसून अभ्यास करत, आणि त्यांचा निळा कोट पहिल्या खुंटीला असे. तळघर कितीही भरो, मॅनेजर कितीही ओरडो, ती खुंटी आईनं दुसऱ्या कुणाला दिली नाही. त्या संध्याकाळनंतर बाई तिथं पुन्हा कधी गेल्या नाहीत. ती तशीच रिकामी राहिली असणार.

"ती पट्टी इकडे द्या," बाई म्हणाल्या.

चष्म्याच्या घरात त्यांचं लाल पेन अजून असतं. त्यांनी पट्टीवरची ओळ खोडली, आयुष्यभर चुकीची उत्तरं खोडत आल्या तशी, आणि वर आईचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

"आजी!" नात वाकून बघत होती. "हे तर पणजीचं नाव आहे. पण पणजी तर..."

"नव्हती. एक दिवससुद्धा नव्हती. कोट सांभाळायची ती. मला तिची लाज वाटायची, म्हणून मी तिला नर्स केली."

मग त्यांनी समारंभाचं सगळं सांगितलं, परक्या माणसासमोर, काही न वगळता. तो बिचारा काड्यापेट्यांकडे बघत राहिला. नातीचा चेहरा उतरला होता.

"मी सगळीकडे सांगत फिरले, आजी. माझ्या वॉर्डात सगळ्यांना माहितीय."

"माहितीय मला. तुझ्यापुढेही तोंड दाखवायला जागा नाही मला."

मग नातीनं ते दोन बिल्ले उचलले, उलटसुलट करून पाहिले.

"घरी आल्यावर पणजी रागावली असेल ना? काय म्हणाली?"

बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं.

"म्हणाली, तुझ्या कोटाचं वरचं बटण सैल झालंय. काढून ठेव, लावून देते."

"आणि तू?"

"मी काढून ठेवला," बाई म्हणाल्या. "सकाळी बटण लावलेलं होतं. मी घातला आणि शाळेत गेले."